जोर्वे पद्धतीची भांडी हाताने कशी घडवायची: पहिल्यांदाच मातीत हात घालणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक सांगते, ॲक्रिलिकचे डबे कपाटात ठेवून द्या. बाजारातून कुंडी आणायची, लाल रंग मारायचा, वर काळ्याने जाळी काढायची आणि झाली तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वेची वाटी, असं बरेच जण करतात आणि शाळेच्या प्रदर्शनात ते खपूनही जातं, पण त्यातून हाताला काही कळत नाही. प्रतिकृती म्हणजे नुसतं तसं दिसणं नाही, ते भांडं ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने आपल्या हातून व्हायला पाहिजे. माती, मग आकार, मग लेप, मग रंग आणि सगळ्यात शेवटी आग. रंग आगीच्या आधी, हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण तीन हजार वर्षांनी मातीतून वर आलेल्या खापरावर अजून रेघ दिसते ती या एका कारणाने.

थोडं मागचं सांगते, कारण ते माहीत असलं की काय करतोय ते समजतं. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि जी लाल भांडी, वर काळी नक्षी, अशी सापडली त्यांना गावाचंच नाव पडलं. पुढे तीच भांडी नेवासा, दायमाबाद, इनामगाव अशी ठिकठिकाणी मिळाली. इनामगाव शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी, तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं खूप वर्षं काम केलं. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००, म्हणजे ताम्रपाषाण युग, तांबं आणि दगड दोन्ही वापरात, लिहिणं नाही. त्यामुळे ती माणसं स्वतःबद्दल जे सांगून गेली त्यातलं कितीतरी मडक्यांतूनच सांगून गेली.

आता नवीन माणसाने नीट समजून घ्यायची गोष्ट अशी की तिथली भांडी दोन जातीची आहेत. एक ती प्रसिद्ध पातळ, लाल, काळ्या नक्षीची, टिचकी मारली तर टण्ण वाजणारी. ती चाकावरची आहेत. दुसरी जाड, भरड, लालसर किंवा करडी, हाताने केलेली, साठवणीचे रांजण वगैरे. सगळ्यांना अर्थातच पहिली करायची असतात. मी म्हणेन सुरुवात दुसऱ्यापासून करा. ती खरोखर हाताने केलेली होती, म्हणजे तुमच्याकडे चाक नाही ही इथे अडचणच नाही, तुम्ही आणि तो तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस एकाच पातळीवर. आणि दुसरं म्हणजे लहान मूल गेलं की असल्याच हातघडणीच्या दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, आत मुलाला ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. इनामगावला असं वारंवार मिळालंय. पाहुण्यापुढे ठेवायचं भांडं चाकावरचं, आणि आपलं मूल ठेवायचं ते हाताने थापलेलं. मी पहिल्यांदा तसं मडकं करायला बसले तेव्हा आतून हात फिरवताना हे डोक्यातून जाईना, आणि तेव्हापासून भरड भांड्याला कमी लेखणं मला जमत नाही.

बघायला जा, हात लावू नका

पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, तिथे ही भांडी बघायला मिळतात. आधी फोन करून वेळ विचारा. जाताना वही आणि पेन्सिल न्या, मोबाईलचा फोटो पुरत नाही कारण फोटोत जाडी कळत नाही. काठाकडे बघा, तो बाहेर वळलाय का सरळ आहे, पोटाचा सगळ्यात फुगीर भाग किती उंचीवर आहे, तोटी कुठून निघते. उत्खननाच्या अहवालात भांड्यांची चित्रं असतात, त्यात एका बाजूला भिंत कापून दाखवलेली असते आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. ती कापलेली बाजू हाच तुमचा नकाशा, ती ट्रेस करून मोठी करायची आणि पुठ्ठ्यावर कापून साचा करायचा.

आणि जुन्या पांढरीच्या, म्हणजे गाडल्या गेलेल्या जुन्या वस्तीच्या, टेकाडावर गेलात तर खापरं उचलू नका. एकसुद्धा नको. संरक्षित जागी तो गुन्हा आहे हे तर आहेच, पण तुकडा जिथे पडलाय त्या जागेमुळेच त्याला अर्थ असतो, तुमच्या शोकेसमध्ये तो नुसता लाल तुकडा.

माती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नवीन माणूस इथेच घाई करतो. शेतातली काळी माती घेऊ नका, ती ओली असताना लोण्यासारखी वाटते आणि वाळताना इतकी आकसते की भांडं उभं चिरतं, उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात तसंच. नदीकाठचा गाळ, पोयटा, तो बघा. गावात कुंभार असतील तर त्यांच्याकडूनच घ्या आणि पैसे देऊन घ्या, ते ती कुठून आणायची, कधी आणायची हे पिढ्यानपिढ्या जाणतात आणि तुमचे सहा महिने वाचतील. शहरात असाल तर पॉटरीच्या सामानाच्या दुकानात टेराकोटा क्ले मिळते, ५ किलोची पिशवी सुरुवातीला भरपूर झाली.

स्वतः आणलेली माती असेल तर तीन परीक्षा. एक, ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा, तुटली तर माती अशक्त आहे. दोन, वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर त्यात चुनखडी आहे. तीन, मातीची चपटी पट्टी करून त्यावर बरोब्बर १० सेंटीमीटरची रेघ कोरा आणि वाळवून भाजल्यावर परत मोजा. रेघ ९ सेंटीमीटर झाली म्हणजे माती १० टक्के आकसली, मग १८ सेंटीमीटरची वाटी पाहिजे असेल तर ओली असताना ती २० ची करावी लागणार. पुठ्ठ्याचा साचा या हिशोबाने मोठा कापा, संग्रहालयातल्या मापाचा कापलात तर हातात बाहुलीची भांडी येतील.

चुनखडीवर जरा थांबते, कारण आपल्याकडच्या नदीकाठच्या मातीत ती हमखास असते आणि तिने मला रडवलंय. माझी पहिली नीट जमलेली वाटी, रंग छान आलेला, तडा नाही, आठ दिवस टेबलावर ठेवून मी येताजाता बघत होते. नवव्या दिवशी सकाळी बाहेरच्या बाजूने नखाएवढी खपली उडालेली, आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका, मोहरीएवढा. संध्याकाळपर्यंत अजून दोन. होतं काय की भट्टीत चुनखडीच्या खड्याची चुनकळी होते, मग ती हळूहळू हवेतली ओल पिते, फुगते आणि वरची माती उडवून लावते. आपण पानाला लावायला चुना विरवतो तेच, फक्त भांड्याच्या भिंतीत. यावर उपाय एकच, माती गाळायची. ढेकळं फोडून बादलीत दोन दिवस भिजत घाला, काठीने ढवळा, जड खडे खाली बसले की वरचं गढूळ पाणी बारीक चाळणीतून, जमलं तर सुती कापडातून दुसऱ्या बादलीत ओता. ते निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी काढून टाका, खाली राहिलेली साय जुन्या धोतरावर नाहीतर चादरीवर पसरा. कणकेएवढी घट्ट झाली की गोळा करून प्लॅस्टिकमध्ये बांधून पंधरा दिवस सावलीत ठेवा. जोर्वेच्या बारीक भांड्यांची माती अशीच निवळलेली आहे, खापर तुटलं तरी आत खडा दिसत नाही.

भरड रांजणाला मात्र उलट. त्याला मातीत काहीतरी मिसळावं लागतं म्हणजे भिंत जाड असली तरी वाफ बाहेर पडायला वाट राहते. ५ भाग माती, १ भाग चाळलेली वाळू, किंवा भुसा, किंवा आपले कुंभार घालतात तशी घोड्याची वाळकी लीद आणि राख. मळताना घाम निघेपर्यंत मळा, आणि मधे तार घालून कापून बघत जा, आत हवेचे बुडबुडे दिसले तर अजून मळा.

पहिलं भांडं: हाताने केलेलं छोटं मडकं

वीतभर उंचीचंच करा, मोठ्याच्या नादी लागू नका. जुन्या मडक्याचा फुटका बूड घ्या, त्यात राख भुरभुरा आणि मातीची जाड पोळी थापून बसवा, हा झाला तळ. राख नसेल तर माती चिकटून बसते आणि काढताना तळ फाटतो. मग कडबोळ्याला करतो तशा वळ्या करायच्या, करंगळीपेक्षा थोड्या जाड, आणि एकावर एक चढवत जायचं. प्रत्येक वळी आतून आणि बाहेरून खालच्या थरात बोटाने ओढून बेमालूम करा. नवीन माणसं बाहेरून छान गुळगुळीत करतात आणि आतून सोडून देतात, भाजताना मडकं बरोबर त्या वळीवर गोल फिरून सुटतं.

एका दमात वर जाऊ नका. तीन-चार वळ्या झाल्या की तासभर थांबा, खालचा भाग जरा आवळला की पुढचं, नाहीतर स्वतःच्या वजनाने बसकण मारतं. काठ होईपर्यंत अर्धा दिवस जातो. मग हाताला गार लागतं पण बोट दाबलं तर ठसा उमटत नाही अशी वेळ येते, तेव्हा आतून गुळगुळीत दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने हलके हलके थापटायचं, गोटा आणि थापी नेहमी समोरासमोर. आवाजावर लक्ष ठेवा. सुरुवातीला थप्प थप्प येतो, माती दाबली जाऊन भिंत पातळ होत आली की तो आवाज कोरडा, वरच्या पट्टीत जातो, आणि त्याच वेळी थांबायचं. माझं हे ऐकायला यायला पाच मडकी गेली.

मानेखाली मातीची पट्टी चिकटवून तिच्यावर बोटाच्या पेराने ओळीने दाबत जा, अशी बोटांच्या ठशांची नक्षी त्या काळच्या भरड भांड्यांवर दिसते. करून बघा, आपल्या बोटाचा ठसा त्या जुन्या भांड्यावरच्या ठशाएवढाच उमटतो.

दुसरं भांडं: कंगोरेदार वाटी

ही जोर्वेची ओळख. खालून गोलसर, मग मधेच एक ठसठशीत कोन, म्हणजे कंगोरा, आणि त्याच्यावर किंचित आत दबलेली भिंत जी काठाशी परत बाहेर कलते. मूळची चाकावर फिरवलेली, आपण ती हाताने करतोय, हे मान्य करूनच करा आणि कुणाला दाखवताना तसं सांगा पण.

गाळलेली माती साधारण १ किलो. घरातली गोल बुडाची वाटी घ्या, आत ओलं सुती कापड अंथरा, त्यात अर्ध्या सेंटीमीटर जाडीची पोळी दाबून बसवा, हा खालचा भाग. जरा आवळला की कडेला खरवडून, पातळ चिखल लावून, त्यावर दोन-तीन बारीक वळ्या. इथे कोन आपोआप तयार होतो आणि मला वाटतं खरी मजा इथेच आहे, कारण चित्रात बघताना तो कंगोरा सजावटीसारखा वाटतो आणि करायला बसलं की कळतं, दोन दिशांच्या भिंती जिथे भेटतात तो सांधा आहे तो, तो गोल गुळगुळीत करून टाकायचा नाही, उलट धारदार ठेवायचा. केक सजवायची फिरकी घरात असेल तर वाटी तिच्यावर ठेवा, पुठ्ठ्याचा साचा बाहेरून स्थिर धरा आणि फिरकी फिरवा, जास्तीची माती खरवडली जाते.

तोटीचं भांडं पहिल्याच महिन्यात करू नका. तोटी वेगळी वळून, पोटाला भोक पाडून, बाहेरून जोडायची असते आणि तोटीची माती पोटाच्या मातीपेक्षा जरा जरी ओली असली तरी वाळताना सांधा सोडते. पाच वाट्या झाल्या की मग.

लेप आणि रंग

गेरू किराणा दुकानात मिळतो पण त्यात काय काय भेसळ असते सांगता येत नाही, तुळशी वृंदावनाला लावायला ठीक, इथे पॉटरीच्या दुकानातला लोह ऑक्साइड किंवा चांगली काव, म्हणजे रंगाची लाल माती, घ्या. तुमचीच माती अगदी पातळ करून कापडातून गाळा, त्यात साधारण तिसरा हिस्सा काव, दुधाच्या सायीएवढं दाट. भांडं अजून दमट असतानाच मऊ ब्रशने दोन हात द्या, पूर्ण वाळल्यावर दिलात तर पापुद्रे सुटतात. आणि जोर्वेच्या वाटीला घोटून चकाकी आणू नका, तो पृष्ठभाग मॅट असतो. दगडाने घोटायची हौस असेल तर त्याच काळातली करडी घोटलेली भांडी आहेत, ती वेगळी करा.

काळा रंग हा नवीन लोकांना नेहमी नडणारा प्रश्न. कोळसा, काजळी, शाई, सगळं आगीत जळून जातं. नुसतं लोह मोकळ्या हवेत भाजलं की लालच होतं. आगीतून काळा म्हणून बाहेर येतो तो मँगनीज, मँगनीज डायऑक्साइड या नावाने पावडर मिळते. एक चमचा पावडर, एक चमचा काव, दोन चमचे तोच गाळलेला चिखल, पाण्यात खलून घ्या. पावडर हाताळताना मास्क लावाच, हातमोजे घाला, आणि या रंगाच्या वाटीतून काही खाऊ-पिऊ नका, ती बघायची वाटी आहे. घरात लहान मुलं असतील तर ही पायरी मोठ्यांनीच करायची.

नक्षी बहुतेक भौमितिक आहे, आडव्या समांतर रेघा, तिरप्या रेघांचे गट, जाळी भरलेले चौकोन. आडवी रेघ काढताना ब्रश हलवायचा नाही, ब्रश स्थिर धरायचा आणि भांडं फिरवायचं. तिरप्या रेघा मात्र भराभर, एका श्वासात. जुन्या खापरावरच्या त्या तिरप्या रेघा नीट बघा, सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळत्या होत गेलेल्या, म्हणजे काढणाऱ्याचा हात चालता होता, तो मोजत बसला नव्हता. आपण पट्टी घेऊन अचूक काढायला गेलो की वाटी मेल्यासारखी दिसते. आधी वर्तमानपत्रावर पन्नास-साठ रेघा काढा, हात मोकळा झाला की वाटीवर या.

वाळवणं

सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून लांब, पहिले दोन दिवस वरून सैल प्लॅस्टिक, मग उघडं. कमीत कमी दहा दिवस, भरड मडक्याला पंधरा. गालाला लावून बघा, गार लागलं म्हणजे आत पाणी आहे. पावसाळ्यात भाजायचं नाव काढू नका, दिवाळी झाली की होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

आग

फ्लॅटच्या गच्चीवर करू नका. शेतात, मोकळ्या अंगणात, पाण्याच्या दोन बादल्या आणि एक सोबती घेऊन. किंवा कुंभारांना विनंती करून त्यांच्या आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, कोपरा मागा, रीतसर मोबदला देऊन, मी आता तेच करते. स्टुडिओची इलेक्ट्रिक भट्टी मिळाली तर ८५० ते ९०० अंशांपर्यंत, चढ हळू ठेवून, तीही चालेल, फक्त धुराची मजा नाही.

उघड्यावर भाजायचं तर आधी भांडी तापवायची. निखाऱ्यांच्या भोवती हातभर अंतरावर मांडा, दर पंधरा मिनिटांनी फिरवा आणि जवळ सरकवत न्या, दोन-तीन तास. कारण १०० अंशांना मातीतलं उरलंसुरलं पाणी वाफ होतं आणि ती वाफ घाईने निघाली तर भांडं फुटतं, आवाज थेट फटाक्याचा. मग विटांवर भांडी उपडी मांडा, खाली-वर-बाजूला गोवऱ्या, त्यावर काडीकचरा, आणि वरून मोठी खापरं झाकण म्हणून. चार-पाच लहान भांड्यांना चाळीस-पन्नास गोवऱ्या लागतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवा आणि धुरात उभं राहू नका, मँगनीज आहे त्यात.

नक्षीची वाटी सरळ गोवऱ्यांत ठेवली तर तिच्यावर काळे ढग उठतात, जिथे हवा पोचली नाही तिथे. भरड मडक्याला ते शोभतात. वाटीसाठी एक मोठं जुनं मडकं घ्या, त्याला बाजूने चार-पाच भोकं पाडा, वाटी त्याच्या आत ठेवून वरून खापर झाका, ज्वाला आणि राख थेट लागत नाही आणि हवा खेळती राहते. इनामगावला तर मुळात गोल भट्टीच सापडली आहे, तेव्हा त्यांनी हे असलं जुगाड केलेलं नाही, पण आपल्याला ते उपयोगी पडतं.

साधारण ६०० अंश ओलांडले की माती परत चिखल होत नाही, त्याच्या पुढे गडद लाल झळाळी दिसते, संध्याकाळी पेटवलं तर ती नीट ओळखता येते. झळाळी दिसल्यावर अर्धा तास तशीच टिकू द्या. मग काहीही करू नका. रात्रभर हात लावायचा नाही, काठीने उकरून बघायचं नाही. ५७३ अंशांच्या आसपास वाळूतल्या गारेचे कण आकार बदलतात आणि तिथे थंड हवा लागली तर बारीक तडा जातो, तो दिसत नाही पण टिचकीला कळतो. सकाळी राख कोमट झाली की काढा.

टिचकी मारा. टण्ण आलं तर जमलं. भद्द आलं तर तडा आहे किंवा कच्चं आहे. कच्च्याचा एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला की कडा विरघळतात, त्यावरून कळतं.

आणि एक गोष्ट भाजायच्या आधीच करायची असते, म्हणून ही ओळ वाचून परत वाळवणाच्या पायरीवर जा: तळाला खिळ्याने 'प्रतिकृती' आणि साल कोरा. चिकटपट्टी नाही, पेन नाही, मातीतच कोरलेलं. आपण नसू तेव्हा ती वाटी कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही, आणि जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्यांत आपली एक नको.

फुटलेली टाकून देऊ नका. खलबत्त्यात कुटा, चाळा, पिठासारखं निघेल ते लेपात आणि रव्यासारखं उरेल ते पुढच्या रांजणाच्या मातीत, वाळूच्या जागी. माझ्या आत्ताच्या मडक्यात त्या खपल्या उडालेल्या पहिल्या वाटीचा चुरा आहे, चुनखडीचे पांढरे ठिपके एकेक वेचून काढून मगच घातलेला.